शरीराला न दिसणाऱ्या शत्रूच्या मागावर: डॉ. कमल रणदिवे

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगल उघडलं की एका बाईंचं आणि मायक्रोस्कोपचं डूडल दिसायचं. अनेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच हे नाव सर्च केलं.

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ चा, पुण्याचा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लेकीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. यातलं काहीच झालं नाही. १९३९ मध्ये कमलताईंनी गणिती जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न केलं. एमएस्सीला विषय निवडला तो सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! सीताफळाकडून कॅन्सरकडे वळण आलं ते लग्नानंतर मुंबईत, टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये.

तिथे डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी केली. मग अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या. प्रसिद्ध हेला पेशी १९५१ मध्ये वाढल्या त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत. परत येऊन कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली.

त्यांचा मोठा अभ्यास उंदरांच्या स्तनांच्या कॅन्सरवरचा. आनुवंशिकता, हार्मोन आणि विषाणू या तिघांचं नातं त्यांनी तपासलं. हा विषाणू आईच्या दुधातून पिल्लात जातो. तो तिथे तग कसा धरतो, हे बरंच नंतर, १९९० च्या दशकात उलगडलं. तो रोगप्रतिकारक पेशींनाच भडकवून वाढायला लावतो आणि त्यांच्यातच आपली संख्या वाढवतो. म्हणजे चोराने पहारेकऱ्याच्याच घरात बिऱ्हाड थाटावं, तसं. काही गाठी दुसरी युक्ती करतात. थायरॉइडच्या अतिशय आक्रमक गाठींच्या पेशींवर अनेकदा पीडी-एल१ नावाचं प्रथिन सापडतं. ते टी-पेशींना थांबण्याचा इशारा देतं.

पहारेकरी गप्प बसण्याचा हाच प्रकार कुष्ठरोगात होतो. रोगाच्या तीव्र प्रकारात अंगात जंतूंचा सुळसुळाट असतो, पण टी-पेशी हलत नाहीत. विदर्भाला हा आजार चांगलाच ठाऊक. नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन आहे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, ही संशोधकांची जुनी डोकेदुखी. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून मिळालेला एक जंतू पेशींच्या साहाय्याने वाढवला. पुढे तो मूळ जंतू नसून त्याच कुळातला दुसराच निघाला. पण तेच पथ्यावर पडलं: झोपलेल्या टी-पेशींना त्याने जागं करता येतं, असं दिसलं. त्यातून डॉ. माधव देव आणि सहकाऱ्यांनी आयसीआरसी लस बनवली.

मधल्या काळात, १९६६ ते १९७०, कमलताई सेंटरच्या कार्यवाहक संचालक होत्या. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. पाळणाघर आणि वसतिगृह नसेल तर प्रयोगशाळेत बाई टिकायची कशी, हा प्रश्न संघटनेने पुढे वाशीत प्रत्यक्ष सोडवला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

लसीची मोठी चाचणी तामिळनाडूत झाली. १९९८ च्या निकालात आयसीआरसी लसीचं संरक्षण ६५.५ टक्के आलं, एकट्या बीसीजीचं ३४.१. तेव्हा कमलताई ऐंशीच्या होत्या. २००१ मध्ये त्या गेल्या.