कोर्टावरच्या दोन रेघा

बास्केटबॉल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना मायकेल जॉर्डन आठवतो. हा खेळ शोधला कोणी, असं क्विझमध्ये विचारलं तर एखादा जेम्स नेस्मिथचं नाव सांगून मार्क घेऊन जातो. पण मुलींच्या कॉलेजात हा खेळ रुजवणारी बाई कोण, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तिचं नाव सेंडा बेरेन्सन.

गंमत म्हणजे ती स्वतः मोठी खेळाडू वगैरे नव्हती. पाठदुखीने बेजार झालेली, पियानो वाजवायची स्वप्नं बघणारी मुलगी होती ती. तिने केलेल्या नियमांमुळे मुली मैदानात आल्या हे जितकं खरं, तितकंच त्याच नियमांनी पुढच्या कितीतरी मुलींना कोर्टाच्या एका तुकड्यात अडकवून ठेवलं हेही खरं. म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

सेंडाचा जन्म १९ मार्च १८६८ चा, लिथुआनियातल्या बुट्रिमोनिस या छोट्या गावातला. तेव्हा तो मुलूख रशियन साम्राज्यात होता. घर ज्यू, परिस्थिती बेताची. वडील आधी एकटेच अमेरिकेला गेले आणि १८७५ मध्ये बाकीचं कुटुंब त्यांच्या मागोमाग बोस्टनला पोचलं. मूळचं अवघड आडनाव सोडून त्यांनी बेरेन्सन हे आडनाव घेतलं. वडील दारोदार फिरून भांडीकुंडी विकायचे. थोरला भाऊ बर्नार्ड प्रचंड हुशार. तो हार्वर्डला शिकला आणि पुढे इटलीतल्या जुन्या चित्रांचा जगप्रसिद्ध जाणकार म्हणून नावाजला.

सेंडाची तब्येत मात्र लहानपणापासून तोळामासा. त्यापायी शाळा अर्धवट सुटली. संगीताची ओढ होती म्हणून पियानो शिकायला सुरुवात केली, पण पाठ इतकी दुखायची की रियाझाला बसणंच जमेना. शेवटी तेही सुटलं. विशी ओलांडलेली मुलगी, हातात ना डिग्री ना कला.

अशा वेळी १८९० मध्ये तिने बोस्टनच्या एका नव्या संस्थेत नाव घातलं. बोस्टन नॉर्मल स्कूल ऑफ जिम्नॅस्टिक्स हे तिचं नाव. मेरी हेमेनवे या धनाढ्य बाईंचा पैसा आणि एमी मॉरिस होमन्स यांची कडक शिस्त, यावर ही संस्था १८८९ मध्ये उभी राहिली होती. व्यायाम शिकवणाऱ्या शिक्षिका तयार करणं हा तिचा उद्देश. सेंडाला काही शिक्षिका व्हायचं नव्हतं, तब्येत जरा सुधारली तरी पुरे होतं. सुरुवातीला तिला हा सगळा प्रकार अजिबात आवडला नाही. काही मिनिटं ताठ उभं राहिलं तरी पाठ बोलायला लागायची आणि आडवं व्हावं लागायचं. पण सोडून जायला दुसरी जागा तरी कुठे होती? ती टिकून राहिली. स्वीडिश पद्धतीचे ते पायरीपायरीने वाढत जाणारे व्यायाम करता करता पाठ सावरली आणि अंगात ताकद आली. स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून रिझल्ट मिळाला, त्यामुळे व्यायामावर तिचा जो विश्वास बसला तो कायमचा.

तो काळ कसा होता हे थोडं सांगायला हवं. १८७३ मध्ये बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरने एक पुस्तक लिहिलं होतं. मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांच्या शरीराची हानी होते, असं त्याचं म्हणणं. पुस्तक धडाधड खपलं. म्हणजे मुलींची कॉलेजं उघडत होती ती या असल्या वातावरणात. शिकूनही मुली ठणठणीत राहतात हे कॉलेजांना जगाला दाखवून द्यायचं होतं. साहजिकच व्यायामाच्या शिक्षिकांना मागणी होती.

मॅसॅच्युसेट्स राज्यात नॉर्थॅम्प्टन गावी स्मिथ कॉलेज आहे. मुलींसाठी ते १८७५ मध्ये सुरू झालं. तिथे जानेवारी १८९२ मध्ये सेंडा शिकवायला आली, तीही बदली शिक्षिका म्हणून. थोड्या दिवसांसाठी आलेली ही बाई तिथे १९ वर्षं राहिली!

आल्या आल्या तिच्या लक्षात आलं की मुलींना ड्रिलचा कंटाळा येतो. हात वर, हात खाली, एक-दोन-तीन-चार. शाळेतला पी.टी.चा तास आठवा, म्हणजे त्या मुलींचे चेहरे डोळ्यांसमोर येतील. काहीतरी खेळ हवा होता. नेमक्या त्याच सुमाराला एका मासिकात नेस्मिथचा लेख आला. नॉर्थॅम्प्टनपासून सुमारे ३० किलोमीटरवर स्प्रिंगफील्ड आहे. तिथल्या वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये पीच फळांच्या टोपल्या टांगून १३ नियमांचा एक नवा खेळ सुरू केला होता. थंडीच्या दिवसांत बंद हॉलमध्ये खेळता यावा म्हणून. स्प्रिंगफील्डमधल्या काही शिक्षिकाही तो लगेच खेळून बघायला लागल्या. सेंडाने तो लेख वाचला आणि खेळ स्मिथच्या जिममध्ये आणला.

मुली तुटून पडल्या. खरं तर जरा जास्तच. बॉल हिसकावणं, ओढाओढ, धक्काबुक्की, पडापडी. सेंडाला दोन भीती वाटल्या. एक, कोणाला तरी इजा होईल. दुसरी भीती मोठी होती. हा धसमुसळेपणा बाहेर कळला तर मुलींचा खेळच बंद होईल.

मग तिने नियम बदलले. कोर्टावर दोन रेघा मारून त्याचे तीन भाग केले. ज्या भागात तुमची जागा, तिथेच राहायचं, रेघ ओलांडायची नाही. दुसरीच्या हातातला बॉल हिसकावायचा नाही. तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ बॉल धरून ठेवायचा नाही आणि तीनपेक्षा जास्त वेळा आपटायचा नाही. परिणाम काय झाला? एकटी मुलगी बॉल घेऊन सुसाट जाऊच शकत नव्हती. पास द्यावाच लागायचा. दमछाक कमी, धक्के कमी आणि प्रत्येकीच्या हाताला बॉल लागणार. कागदावर डिझाईन अगदी फिट्ट.

मार्च १८९३ मध्ये स्मिथच्या जिममध्ये फर्स्ट इयर विरुद्ध सेकंड इयर अशी मॅच झाली. कॉलेजच्या मुलींची पहिली मॅच म्हणून ती ओळखली जाते. मुली ब्लूमर्स म्हणजे ढगळ विजारी घालून खेळणार होत्या, त्यामुळे पुरुष प्रेक्षकांना बंदी! गॅलरीत मुलींची ही गर्दी. सेंडाने बॉल वर उडवला आणि सुरुवातीलाच घोटाळा झाला. तिचा हात फर्स्ट इयरच्या सेंटरच्या हातावर आपटला आणि त्या मुलीचा खांदाच निखळला. खांदा बसवून झाला, तिच्या जागी दुसरी उभी राहिली आणि मॅच पुढे सुरू झाली. सेकंड इयरने ५-४ अशी जिंकली. इतके सौम्य नियम केले आणि पहिली दुखापत खुद्द नियम करणारीच्या हातून झाली, याला काय म्हणावं!

खेळ वणव्यासारखा पसरला. पण जो तो आपापल्या नियमांनी खेळायचा. न्यू ऑर्लिन्सच्या क्लारा बेअर यांनी १८९५ मध्ये स्वतःचे वेगळेच नियम छापले. या गोंधळावर उपाय म्हणून १८९९ मध्ये स्प्रिंगफील्डला झालेल्या परिषदेत एक समिती नेमली गेली. समितीच्या कामातून आलेलं मुलींच्या बास्केटबॉलचं नियमपुस्तक स्पाल्डिंग कंपनीने १९०१ मध्ये काढलं, त्याची संपादक सेंडा. १९०५ ते १९१७ अशी बारा वर्षं ती नियम समितीची अध्यक्ष होती. नवीन क्षेत्रं बायकांना खुली होताहेत, तिथे टिकायचं तर शरीरात दम हवा, हा मुद्दा ती त्या पुस्तकातून मांडत राहिली.

मात्र एका बाबतीत ती शेवटपर्यंत हटून राहिली. कॉलेज विरुद्ध कॉलेज मॅचेस तिला नको होत्या. तिकडे कॅलिफोर्नियात ४ एप्रिल १८९६ ला स्टॅनफर्डच्या मुलींनी बर्कलेच्या मुलींना २-१ असं हरवलंसुद्धा होतं. सेंडाचं मत वेगळं. बाहेर जिंकायचं म्हटलं की मोजक्या मुलींना तयार करायचं आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं होतं. तिला सगळ्या मुली खेळायला हव्या होत्या, त्यातही अशक्त मुली जास्त. १८९७ मध्ये ती स्टॉकहोमच्या नावाजलेल्या जिम्नॅस्टिक्स संस्थेत जाऊन शिकून आली, तलवारबाजी आणि लोकनृत्यं कॉलेजात आणली आणि कमजोर मुलींसाठी वेगळे व्यायाम सुरू केले. एकेकाळी ती स्वतः त्याच रांगेत होती ना!

१९११ मध्ये तिने स्मिथमधलेच इंग्रजीचे प्राध्यापक हर्बर्ट व्हॉन ॲबट यांच्याशी लग्न केलं आणि कॉलेजची नोकरी सोडली. पुढे १९२१ पर्यंत गावातल्याच मेरी बर्नहॅम शाळेत शारीरिक शिक्षणाचं काम पाहिलं. नवरा १९२९ मध्ये गेला. नंतर ती बहिणीसोबत कॅलिफोर्नियात सँटा बार्बराला राहायला गेली आणि १६ फेब्रुवारी १९५४ रोजी तिथेच वारली.

ती गेली, पण रेघा राहिल्या. १९३८ मध्ये कोर्टाचे तीनाचे दोन भाग झाले, तरी मधली रेघ होतीच. निम्म्या मुली फक्त बास्केट करणार, निम्म्या फक्त अडवणार. कितीतरी मुलींनी वर्षानुवर्षं बास्केटबॉल खेळूनही मॅचमध्ये एकदाही बास्केट केली नसेल! अमेरिकन कॉलेजांमध्ये मुली पाच-पाच जणींनी पूर्ण कोर्टावर खेळायला लागल्या त्या १९७१ पासून. आयोवा राज्यातल्या शाळांमध्ये सहा जणींचा जुना खेळ १९९३ पर्यंत आणि ओक्लाहोमात १९९५ पर्यंत चालू होता. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ मध्ये आला, महिलांचा १९७६ मध्ये. मधे चाळीस वर्षं.

मग सेंडा बरोबर की चूक? सिव्हिलवाल्यांना लगेच कळेल असं उदाहरण देतो. स्लॅब भरताना खाली सेंट्रिंग लावतात. त्याशिवाय स्लॅब उभाच राहणार नाही. पण काँक्रीटने ताकद धरली की सेंट्रिंग काढायचं असतं. ते तसंच ठेवून दिलं तर खालच्या खोलीत कोणाला राहता येणार नाही. सेंडाच्या रेघा म्हणजे सेंट्रिंग होतं. १८९३ मध्ये त्या नसत्या, तर मुलींच्या खेळाचा स्लॅब पहिल्याच महिन्यात खाली आला असता. मात्र तो घट्ट झाल्यावरसुद्धा सत्तर-ऐंशी वर्षं ते काढायचं कोणी मनावर घेतलं नाही. यात थोडा दोष तिच्याकडेही जातो. तिला स्वतःलाही त्या रेघा कायमच्याच योग्य वाटत होत्या. आपण केलेल्या डिझाईनच्या प्रेमात पडणं हा रोग फक्त इंजिनियरांनाच होतो असं नाही.

१९८५ मध्ये स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदाच महिलांना मान मिळाला. त्या तिघींमध्ये एक नाव सेंडाचं होतं. जाऊन ३१ वर्षं झाली होती तिला. तिच्या दोन्ही रेघा आता कुठल्याच कोर्टावर नाहीत, आणि ते चांगलंच झालं. पण तिचा एक आग्रह मात्र आपल्या कॉलेजांनी अजून नीट ऐकलेला नाही. खेळ निवडलेल्या दहा-बारा जणांचाच नसतो, ज्यांना आजवर कोणी टीममध्ये घेतलं नाही त्यांचाही असतो. होस्टेलवरच्या दोस्तांनो, पुढच्या वेळी टीम पाडताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.