गुरुजींची माणसं

गेल्या वर्षीची आपल्या होस्टेलची संगीत संध्या आठवते का? आठवत असेल तर कृपया विसरून जा, कारण संयोजक मीच होतो. वर्गणीचे पैसे माझ्याकडे, माइकच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, गाणाऱ्यांची यादीसुद्धा माझ्याच वहीत. कुणावर काही सोपवलं तर घोळ होईल, ही भीती. आणि नेमकी त्याच दिवशी माझी व्हायवा लांबली. धावतपळत पोचलो तेव्हा पोरं कुलूपबंद कपाटासमोर उभी होती आणि सर-मॅडम खुर्च्यांवर ताटकळत बसले होते. सातचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू झाला. वर मी ज्युनिअर्सवरच ओरडलो. पुढच्या मीटिंगला आम्ही तिघंच हजर!

सुट्टीत घरी कपाट आवरताना माझं तबल्याच्या परीक्षेचं जुनं सर्टिफिकेट सापडलं. 'प्रवेशिका प्रथम', खाली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं नाव. परीक्षा दिली होती, पण या नावामागे कोण आहे हे कधी विचारलंच नव्हतं. मग पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांविषयी मिळेल ते वाचून काढलं. त्यांच्या शिष्यांप्रमाणे मीही त्यांना गुरुजी म्हणतो.

गुरुजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या अपघातात डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली आणि नेहमीचं शिक्षण थांबलं. उपचारांसाठी मिरजेला आणलं, तिथे गाण्याची वाट सापडली. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली. तालीम म्हणजे आपलं प्रॅक्टिकल नव्हे, दोन तासांत उरकणारं. जवळपास बारा वर्षं ते शिकत होते.

त्या काळी गवय्याचं पोट राजाच्या मर्जीवर चाले. राजा खूश तर शालजोडी, नाही तर काहीच नाही. एका समारंभाचं आमंत्रण शिष्याला आलं, पण प्रत्यक्ष गुरूला आलं नाही, हे गुरुजींना फार लागलं, असं सांगतात. गाणाऱ्याला समाजात मान नाही ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदा, ग्वाल्हेर असं करत ते हिंडले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी सर्वसामान्यांसाठी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज यात काय विशेष वाटणार? पण तेव्हा दरबारातलं गाणं रस्त्यावरच्या माणसानं चार पैसे देऊन ऐकायचं, ही कल्पनाच नवी होती. एका राजाच्या मर्जीऐवजी शेकडो अनोळखी माणसांच्या विश्वासावर गाणं उभं करायचं, असा तो हिशेब होता.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. वय अवघं अठ्ठावीस, डोळे अधू, घर शेकडो मैल लांब. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात, तेव्हा वर्गाच्या वेळेला ते एकटेच तंबोरा घेऊन गात बसत, असं सांगतात. आपण कोरम नाही म्हणून मीटिंग रद्द करतो, त्यांनी रिकाम्या वर्गाचीही वेळ पाळली!

गाणं शिकणं म्हणजे वाया जाणं, असा तेव्हाच्या घरांतला समज. म्हणून गुरुजींनी बंदिशींतले शृंगारिक शब्द बदलले, भजनं आणली, वेळेची शिस्त कडक ठेवली. हळूहळू आईबापांचा भरवसा बसला. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गाण्याला असा घरंदाज मान मिळताना, ज्या पिढीजात गायक-गायिकांनी ते तोवर जपलं होतं त्यांच्यातले बरेच जण बाजूला पडले, अशी टीका आजचे अभ्यासक करतात, आणि ती खोडून काढण्यासारखी नाही.

मला सगळ्यात भावला तो त्यांचा 'उपदेशक वर्ग'. हे चक्क होस्टेलच! मुलांना राहणं, जेवण आणि शिक्षण फुकट. बदल्यात काही वर्षं संस्थेला बांधून राहायचं आणि शिकता शिकता बाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं. गुरुजी पैसे जमवायला दौऱ्यावर निघत, तेव्हा शिष्य बरोबर असत, जलशात गात. संस्थेचा स्वतःचा छापखाना होता, वाद्यं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. तयार झालेल्या शिष्याला दुसऱ्या गावी पाठवून तिथला कारभार त्याच्यावर सोपवायचा, ही त्यांची रीत.

१९०८ साली मुंबईत महाविद्यालय निघालं. विद्यार्थी वाढले, जागा पुरेना, म्हणून कर्ज काढून इमारत बांधली. पुढे मोठ्या संगीत परिषदाही भरवल्या. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते 'वंदे मातरम्' गात. पण जलशांच्या कमाईवर कर्ज फिटेना. शेवटी १९२४ साली, गुरुजी दौऱ्यावर असताना, सावकारांनी जप्ती आणली आणि इमारत लिलावात गेली. आयुष्यभर जमवलेलं सगळं एका फटक्यात गेलं. लोकांचा विश्वास कितीही असो, व्याजाची तारीख पुढे ढकलली जात नाही.

नंतर गुरुजी नाशिकला रामनामात रमले. घरीही दुःखच होतं. बारा मुलं झाली, त्यातली अकरा लहानपणीच गेली. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचं निधन झालं, तेव्हा उरलेला मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? इमारत गेली, पैसा गेला, माणूसही गेला. पण त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापन केलं, तेच माझ्या सर्टिफिकेटवरचं. १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. नारायणराव खरे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचं संगीत सांभाळत होतेच. ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारस हिंदू विद्यापीठात गेले. आणि छोट्या दत्तात्रेयाला विनायकराव आणि नारायणराव व्यास यांनी घडवलं, तेच द. वि. पलुस्कर. गुरुजी नसतानाही कुठलंच काम अडलं नाही, कारण ते असतानाच ही माणसं सगळं स्वतःच्या हातानं करत आली होती. सावकाराला इमारत नेता आली, ही माणसं नेता आली नाहीत.

मी एक किल्लीसुद्धा दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती.

या वर्षी वर्गणीची पेटी फर्स्ट इयरच्या एका पोराकडे दिली. जमाखर्च मात्र रोज रात्री मेसच्या नोटीस बोर्डावर लावायचा, असं ठरलं, कारण गुरुजींच्या इमारतीचं काय झालं ते वाचलं होतं. किल्लीची डुप्लिकेट करून घेतली. पहिल्या मीटिंगला अकरा जण आले. कार्यक्रम सात वाजून पाच मिनिटांनी सुरू झाला. ती पाच मिनिटं माझ्यामुळे गेली, मी तंबोरा लावत होतो!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी