नऊवारीतली पोरगी अमेरिकेत डॉक्टर झाली, ती इंग्रजीला घाबरली असती तर? डॉ. आनंदीबाई जोशी यांची कहाणी

मिरजगाव, ता. कर्जत : फेब्रुवारी महिना म्हणजे आपल्याकडं ज्वारी काढणीची गडबड आणि घराघरात बारावीची धास्ती. बारावीचा पहिला पेपर बहुतेक वेळा इंग्रजीचाच असतो. तो एकदा निघाला की पोरांच्या जिवात जीव येतो. ह्याच महिन्यात २६ तारखेला डॉ. आनंदीबाई जोशी यांची पुण्यतिथी असते. अमेरिकेत जाऊन डॉक्टरकीची पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री एवढं आपल्याला पुस्तकातून माहीत आहे. पण ही पोरगी इंग्रजी शिकली कशी, हे फारसं कोणी सांगत नाही. आज तेच सांगायचं आहे, आणि त्याला घरचं कारणही आहे. ते शेवटी सांगतो.

आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा, घराणं कल्याणचं. त्या काळच्या रीतीप्रमाणं नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, वयानं वीस वर्षांनी मोठा, बिजवर, पोस्टात कारकून. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव जरा वेगळंच रसायन होतं. बायकोला शिकवीन, त्याला कोणी आडवं यायचं नाही, अशी त्यांची लग्नाआधीच अट होती. बायकांनी पुस्तक हातात धरलं तर नवरा मरतो असं मानणारे लोक तेव्हा गावोगाव होते. तशा दिवसांत ही अट म्हणजे मोठी गोष्ट.

गोपाळरावांनी स्वतःच शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. पोस्टाची नोकरी बदलीची. कल्याण, अलिबाग, मुंबई, कोल्हापूर, भुज, पुढं थेट कलकत्ता. दर बदलीला नवं गाव, नवे शेजारी, नवी बोली आणि नवी टोमणेबाजी. मुंबईत आनंदीबाई मिशनच्या शाळेत जायच्या. हातात पुस्तकं घेऊन चालत निघालेली लग्न झालेली ब्राह्मणाची मुलगी बघून रस्त्यावरचे लोक थांबायचे, हसायचे, नाही नाही ते बोलायचे. तरी शाळा सुटली नाही.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. गोपाळराव शिकवणारे होते तसे मारणारेही होते. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून त्यांनी ह्या कोवळ्या पोरीला काठीनं मारलेलं आहे. पुढं अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी नवऱ्याला त्या माराची आठवण करून दिली. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे मला ठरवता येत नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. आजही काही जण म्हणतात, मारलं म्हणून शिकली. मला ते पटत नाही. मारानं पोर पाठ करतं, शिकत नाही. त्या खऱ्या शिकल्या त्या वेगळ्या कारणानं.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसांचा होऊन गेला. औषधपाणी नीट मिळालं नाही. पुरुष डॉक्टरपुढं बाई जायची नाही आणि बाई डॉक्टर तर सहजी मिळायचीच नाही. त्या दहा दिवसांनी ह्या पोरीचं आयुष्य ठरवलं. आपण डॉक्टर व्हायचं. पण डॉक्टरकीची पुस्तकं इंग्रजीत, शिकवणारे इंग्रजीत, आणि बायकांना हे शिक्षण आपल्याकडं मिळणं फार अवघड. तोवर इंग्रजी ही नवऱ्याची हौस होती. आता ती आनंदीबाईंची स्वतःची गरज झाली. बदल घडला तो इथं.

कोल्हापूरला असताना, १८७८ च्या सुमाराला, गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत करा. तिकडून उत्तर आलं ते धर्म बदलण्याच्या सल्ल्याचं. दोघांनाही ते मान्य नव्हतं, विषय तिथंच थांबला. पण वाइल्डरसाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. १८८० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतात, रोझेल नावाच्या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसल्या होत्या. सहज म्हणून त्यांनी समोरचं मासिक उचललं आणि त्यात ही पत्रं वाचली. कोण कुठली हिंदुस्थानातली पोरगी, तिला शिकायचं आहे. बाईंचं मन हललं आणि त्यांनी पत्र पाठवलं.

मंडळी, आनंदीबाईंची इंग्रजीची खरी शाळा इथं भरली. पुढची तीन वर्षं दोघींची पत्रं चालू राहिली. आनंदीबाईंचं वय तेव्हा पंधरा ते अठरा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या पोरींएवढं. पत्र बोटीनं जायचं, उत्तराला आठवडेच्या आठवडे लागायचे. पत्रात काय असायचं? आपल्याकडचे सणवार, चालीरीती, बायकांचे हाल, बालविवाह, स्वतःच्या आजारपणाची कटकट. जे रोज डोळ्यांपुढं होतं तेच इंग्रजीत. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी मानायला लागल्या. मावशीनं तिकडून औषधं पाठवली, धीर दिला.

आता विचार करा. तेव्हा ना मोबाईल, ना भाषांतर करून देणारं ॲप, ना इंग्रजीचा क्लास. पण ह्या पोरीकडं एक गोष्ट होती जी आपल्या पोरांकडं नाही. तिच्याकडं इंग्रजीत काहीतरी सांगायचं होतं आणि ते ऐकायला एक माणूस होतं. चूक झाली तर मार्क कापणारा नव्हे, तर पुढच्या पत्राची वाट बघणारा माणूस. भाषा अशीच येते. पोहायला शिकायचं तर विहिरीत उतरावं लागतं, काठावर बसून हात मारून भागत नाही.

ह्या इंग्रजीची परीक्षा लवकरच झाली. पती-पत्नी तेव्हा कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला होते. आनंदीबाई एकट्या अमेरिकेला निघणार हे कळल्यावर चहूकडून टीका सुरू झाली. समुद्र ओलांडणार, धर्म बुडवणार, नवऱ्याला सोडून जाणार. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात, भरल्या सभेत, आनंदीबाई उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून बोलल्या. आपण का जातोय, एकट्या का जातोय, इथं का शिकता येत नाही, एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही स्वच्छ सांगितलं. वय होतं सतरा. ह्या भाषणाची बातमी झाली आणि लोकांची मदत यायला लागली.

७ एप्रिल १८८३ ला बोट कलकत्त्याहून सुटली. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. घ्यायला कार्पेंटर मावशी आल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजकडं आनंदीबाईंनी जो अर्ज केला तो वाचण्यासारखा आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही हे त्यांनी आपणहून मान्य केलं. पण माझी गोष्ट वेगळी आहे, माझ्या देशातल्या बायकांसाठी मला हे शिकायचं आहे, तेव्हा सांभाळून घ्या, अशी विनंती केली. येतं तेवढं येतं म्हणून सांगितलं, येत नाही ते झाकलं नाही. कॉलेजनं प्रवेश दिला.

त्या कॉलेजातला १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तीन मुली शेजारी शेजारी बसल्या आहेत. आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींचीही मायबोली इंग्रजी नव्हती आणि तिघीही डॉक्टर झाल्या.

अभ्यास सोपा नव्हता. थंडी हाडात शिरणारी, खाणं शाकाहारी म्हणून मोजकंच, तब्येत आधीपासून नाजूक. ११ मार्च १८८६ ला एम.डी. ची पदवी मिळाली. आपल्याकडच्या बाळंतपणाच्या शास्त्रावर त्यांनी इंग्रजीत प्रबंध लिहिला होता. म्हणजे परक्याची भाषा शिकून त्या भाषेत आपल्या आजी-पणजीचं ज्ञान मांडलं. पदवीदान बघायला पंडिता रमाबाई हजर होत्या. आणि आणखी एक. अमेरिकेतून नवऱ्याला त्या पत्रं लिहायच्या ती मराठीत. इंग्रजी आली म्हणून मराठी सुटली नाही.

कोल्हापूर संस्थाननं आपल्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली होती. पण क्षयानं शरीर पोखरलं होतं. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिना बाकी होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्या रुजू होऊ शकल्याच नाहीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशीकडं पाठवल्या गेल्या. मावशीनं आपल्या घरच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क प्रांतातल्या पोकीप्सी इथं, त्यांना जागा दिली. एका पत्रातून जुळलेलं नातं मेल्यावरही टिकलं. पुढं शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आनंदीबाईंचं नाव देण्यात आलं.

आता घरचं कारण. माझी पोरगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, मार्क चांगले पडले, डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावी सायन्सला गेली. दिवाळीत पुस्तक बाजूला ठेवून म्हणाली, पप्पा, सगळं इंग्रजीत आहे, काही कळत नाही, मला आर्ट्सला टाका. आमच्या पंचक्रोशीत अशी किती लेकरं आहेत हे तुम्हालाही ठाऊक आहे. आर्ट्स वाईट नाही, आवडीनं घेतलं तर उत्तमच. पण भीतीनं पळून जाणं वेगळं. मी स्वतः बारावीला इंग्रजीत काठावर पास झालेला गडी, मी काय शिकवणार?

मग तिला आनंदीबाईंची ही पत्रांची गोष्ट सांगितली. तिची मामेबहीण पुण्याला नर्सिंग करते. ठरवलं, रोज रात्री तिला पाच ओळी इंग्रजीत व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. कांद्याला काय भाव मिळाला, लाईट कधी आली, गाईनं किती दूध दिलं. चुकलं तर चुकलं. बहीण उत्तरात बरोबर वाक्य लिहून पाठवते, हसत नाही. तीन महिने झाले. पाचाच्या वीस ओळी कधी झाल्या कळलं नाही. बायोलॉजीचं पुस्तक परत उघडलंय. पास होईल का, डॉक्टर होईल का, ते पुढचं पुढं. आर्ट्सचं नाव मात्र परत काढलेलं नाही.

पालकांना एवढीच विनंती. इंग्रजीवरून पोरांना मारू नका, हसू नका. इंग्रजीत दोन ओळी लिहायला त्यांना एखादं आपलं माणूस शोधून द्या. आनंदीबाईंना ते साता समुद्रापार सापडलं. आपल्या पोरांना ते शेजारच्या गल्लीतही सापडेल.