मेलबर्नचे चार गोल : नेव्हिल डिसोझा यांची जीवनकथा

१ डिसेंबर १९५६ ही तारीख भारतीय फुटबॉलच्या इतिहासात कोणत्या कारणाने नोंदली गेली आहे, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यात नवल नाही. नेवाशाच्या आसपासच्या आणि एकूणच प्रवरेकाठच्या धर्मग्रामांत मुले मैदानावर उतरतात ती क्रिकेट, कबड्डी किंवा खो-खो खेळण्यासाठी. फुटबॉल हा मुंबईचा, कोल्हापूरचा, फार तर गोव्याचा खेळ, अशी आपली समजूत. त्या दिवशी मेलबर्न येथील ऑलिंपिक स्पर्धेत मुंबईच्या एका गोवेकर कॅथलिक तरुणाने एकाच सामन्यात तीन गोल नोंदविले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. त्या तरुणाचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता आणि पोटापाण्यासाठी गोवेकर मुंबईची वाट धरीत होते. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गावोगावच्या नावाने चालणारी त्यांची ‘कूड’ होती. दिवसभर काम करावे, सायंकाळी कूडमधील वेदीसमोर एकत्र जपमाळ म्हणावी आणि सवड मिळेल तेव्हा मैदान गाठावे, असा तेथील अनेकांचा दिनक्रम असे. गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय १८८३ साली शिवोलीला आलेल्या फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंना दिले जाते. मुंबईच्या मैदानांवरही गोवेकर तोच खेळ खेळू लागले.

येथे थोडे विषयांतर करतो. त्याच पोर्तुगीज साम्राज्यातील मोझांबिकमधून युसेबियो, कोलुना आणि बचावपटू हिलारियो यांच्यासारखे खेळाडू लिस्बनला गेले, व्यावसायिक झाले आणि १९६६ च्या विश्वचषकात त्यांनी पोर्तुगालला तिसरे स्थान मिळवून दिले. गोवेकर खेळाडूंना मात्र लिस्बनपेक्षा मुंबई जवळची वाटली. मुंबईत व्यावसायिक फुटबॉल नव्हते. होती ती कंपन्यांची नोकरी, आणि त्या नोकरीच्या आधाराने खेळ.

नेव्हिल यांचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स हायस्कूलमध्ये झाले. आपल्या जिल्ह्यात केंदळ, वळण, संगमनेर या मिशनांत ज्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आयुष्य वेचले, त्यांच्याच संघाची ही शाळा. शाळेत असताना ते फुटबॉलइतकीच हॉकीही खेळत. पुढे ते टाटा स्पोर्ट्स क्लबच्या संघात दाखल झाले. कूपरेज मैदानावर हारवूड लीगचे सामने भर पावसाळ्यात होत. चिखलात चेंडू अडतो, अनपेक्षित दिशेला वळतो, आणि गोलाजवळ अवघ्या क्षणभराची संधी मिळते. ती हेरणारा आघाडीचा खेळाडू म्हणून नेव्हिल यांचे नाव झाले. १९५४-५५ च्या मोसमात मद्रास येथे सेनादलाचा २-१ असा पराभव करून मुंबईने संतोष करंडक जिंकला, त्या संघात ते होते. त्यांचे बंधू डेरेक यांनीही पुढे भारताचे प्रतिनिधित्व केले.

मेलबर्नला जाणाऱ्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी खेळाचा अभ्यास एखाद्या विद्वानाच्या चिकाटीने केला होता. १९५३ साली हंगेरीने वेम्ब्ली येथे इंग्लंडला ६-३ असे हरविले, ते आघाडीचा एक खेळाडू मुद्दाम मागे ठेवून. त्याला धरायचे की आपली जागा राखायची, हे प्रतिस्पर्धी बचावपटूंना उमगेना. रहीम यांनी ही रचना भारतीय संघात आणली. कर्णधार समर बॅनर्जी मागे राहून चेंडू पुरवीत, उजव्या बगलेने पी. के. बॅनर्जी वेगाने मुसंडी मारीत आणि गोलासमोर उरत ते नेव्हिल. योगायोग असा की, पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशीच पडणार होती. परंतु सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरल्यानंतरच्या त्या दिवसांत हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरलाच नाही आणि भारत न खेळता उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचला.

समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया. भारतीय संघाकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवावी, असा पूर्वेतिहास नव्हता. १९४८ साली लंडनमध्ये बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारतावर तब्बल दहा गोल केले. मेलबर्नमध्ये नवव्या मिनिटालाच नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, मध्यंतरापूर्वी मॉरो यांनी तीही पुसून टाकली. ५० व्या मिनिटाला नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला. यानंतर मात्र ऑस्ट्रेलियाला बरोबरी साधता आली नाही. ८० व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा विजयी झाला. ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत पोहोचलेला तो आशियातील पहिला फुटबॉल संघ.

उपान्त्य सामना ४ डिसेंबरला झाला आणि प्रतिस्पर्धी तोच, युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वीचे दहा गोल कोणीही विसरले नव्हते. पूर्वार्धात गोल झाला नाही. ५२ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा राहिला. माझ्या मते भारतीय फुटबॉलच्या आयुष्यातील हा सर्वांत उंच क्षण. तो टिकला अवघी दोन मिनिटे. ५४ व्या मिनिटाला बरोबरी झाली, ५७ व्या मिनिटाला युगोस्लाव्हिया पुढे गेला, आणखी एक गोल आणि एक स्वयंगोल होऊन सामना १-४ असा संपला. त्या काळी भारतातील स्पर्धांत सामने ७० मिनिटांचे असत, ऑलिंपिकमध्ये मात्र ९० मिनिटे पळावे लागे. पराभवाला केवळ हेच एक कारण होते असे म्हणता येणार नाही, युगोस्लाव्हियाचा संघ निःसंशय बलाढ्य होता. पण दमसासाचा हा फरक नजरेआड करण्याजोगा नाही. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३-० असे हरविले आणि पदक हुकले.

स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल तिघांच्या नावावर होते : बल्गेरियाचे मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि भारताचे डिसोझा. मायदेशी परतण्यापूर्वी भारतीय संघाने सिडनीत ऑस्ट्रेलियाशी आणखी एक सामना खेळला. तो ७-१ असा जिंकून मेलबर्नचा विजय नशिबाने मिळालेला नव्हता, हे दाखवून दिले.

नेव्हिल त्या वेळी २४ वर्षांचे होते. परतल्यावर पुन्हा तीच कंपनी-फुटबॉलची दुनिया. पुढे ते कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून खेळले आणि १९५८ साली या संघाने मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून मुंबईचा मानाचा रोव्हर्स करंडक जिंकला. कलकत्त्याच्या मातब्बर संघांना मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने मागे सारावे, याचे मुंबईकरांना मोठे अप्रूप होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात मात्र नेव्हिल नव्हते. चुनी गोस्वामी, बलराम यांची पिढी तोवर पुढे आली होती. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि फुटबॉलचा पहिला मान पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, तो सर्वस्वी योग्यच होता. नेव्हिल यांच्या वाट्याला हा पुरस्कार कधीच आला नाही. रहीम यांनी १९६२ साली जकार्ता येथे भारताला आशियाई सुवर्णपदक जिंकून दिले आणि पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

१६ मार्च १९८० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने नेव्हिल डिसोझा यांचे निधन झाले. वय अवघे ४७. ज्या रोव्हर्स करंडकाने त्यांना नाव दिले, ती स्पर्धाही या शतकाच्या आरंभी बंद पडली. २०२४ साली रहीम यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, त्यात नेव्हिल यांची व्यक्तिरेखा आहे; बहुतेक तरुणांनी हे नाव प्रथम ऐकले ते तेथेच.

रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा खेळलेला नाही. १९४८ ते १९६० या चार स्पर्धांत मिळून भारताच्या नावावर अवघे दहा गोल आहेत : रामन, अहमद खान, किट्टू आणि पी. के. बॅनर्जी यांचा प्रत्येकी एक, बलराम यांचे दोन आणि उरलेले चार नेव्हिल डिसोझा यांचे.