रेडिओचे मंत्री : डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर

आपल्या बेळगुंदी पंचक्रोशीत भजनाला बसायचे म्हणजे टाळ, मृदंग आणि पेटी हवीच. पेटीचा सूर धरल्याशिवाय अभंगाला तोंड फुटत नाही. याच पेटीला देशाच्या रेडिओवर जवळजवळ तीस वर्षे मज्जाव होता, हे आज तरुण मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. बंदी १९४० मध्ये, इंग्रज अमदानीत आली. स्वातंत्र्यानंतर ती कायम ठेवणारे मंत्री मात्र मराठी होते आणि स्वतः गाणे शिकलेले होते. ते म्हणजे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

केसकरांचा जन्म १९०३ मध्ये पुण्याचा. असहकाराच्या चळवळीत ते ओढले गेले, काशी विद्यापीठात शिकले आणि पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली. काँग्रेसच्या परराष्ट्र विभागात काम केल्यामुळे स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातून लोकसभेवर निवडून आल्यावर पंडित नेहरूंनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते दिले. ते त्यांनी सलग दहा वर्षे सांभाळले.

१९४७ मध्ये फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेली केंद्रे अवघी सहा होती : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. आपल्या भागाला जवळचे धारवाड केंद्र जानेवारी १९५० मध्ये सुरू झाले. ते कानडी. मराठी ऐकायचे तर मुंबईकडे कान लावावा लागे. ऑक्टोबर १९५३ मध्ये, केसकरांच्याच कारकिर्दीत, पुणे केंद्र सुरू झाले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला याच केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. सीताकांत लाडांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत यांतून वर्षभरात ५६ गीते झाली. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवून गेलेले पु. ल. देशपांडेही १९५५ मध्येच आकाशवाणीत रुजू झाले.

केसकरांची तळमळ खरी होती. राजेरजवाडे गेले, कलावंतांचा आश्रय गेला; आता रेडिओनेच त्यांना सांभाळले पाहिजे, असे त्यांचे मत होते. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. मोठमोठ्या गवयांचे गाणे तिकीट न काढता खेड्यापर्यंत पोहोचले. १९५६ मध्ये शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला, तो आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील १५० गावांत. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या, अशी ती पद्धत होती.

पण या तळमळीला दुसरी बाजूही होती. सिनेमातील गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे केसकरांना वाटे. त्यांनी त्या गाण्यांची वेळ कमी केली. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते म्हणून तेही बंद झाले. निर्मात्यांनी रागाने आपल्या गाण्यांची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेसंगीत नाहीसे झाले. शास्त्रीय गायकांसाठी चाचणी सुरू झाली, तेव्हा घराण्यात आयुष्य घालवलेल्या कितीतरी कलावंतांना तो अपमान वाटला आणि अनेकांनी रेडिओवर बहिष्कार टाकला.

लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओ बंद केला नाही, फक्त सुई फिरवली. रेडिओ सिलोनची शॉर्टवेव्ह भारतभर ऐकू येत होती. १९५२ च्या अखेरीस तेथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ अमीन सयानींची झाली.

केसकरांना हे कळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत विविध भारती सुरू झाली. ज्या गाण्यांना दार बंद केले होते, त्यांच्यासाठी सरकारने आता स्वतंत्र घर बांधले. मंत्रिपदावर असताना धोरणाला अशी मुरड घालणे सोपे नसते. १९६२ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पुढे ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. पेटीवरची बंदी १९७० नंतर हळूहळू सैल झाली.

केसकरांना केवळ गाण्यांवर बंदी घालणारा मंत्री म्हणून बाजूला सारणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्यांनी पेरलेले पुष्कळ उगवले. चुकले ते इतकेच, की चांगले ऐकवण्यासाठी आवडते हिरावून घ्यावे लागते असे त्यांनी मानले. गावात साहित्य संमेलनाची किंवा उत्सवाची कार्यक्रमपत्रिका ठरवताना आम्हालाही हाच पेच पडतो : व्याख्यान ठेवायचे की गाण्याची मैफल, जुने की नवे? अशा वेळी केसकरांचा अनुभव आठवावा. ताटात चांगले वाढावे, आग्रहही करावा. पण जेवणाऱ्याचा हात धरू नये. त्याला दुसरी पंगत शोधायला वेळ लागत नाही.