इमाम गझाली : आधी समजून घ्या, मग खोडून काढा

सध्या रमजान बारावीच्या परीक्षेच्या सुमारास येतो. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांत सहरीला लागलेला दिवा मग विझत नाही; फजरची नमाज झाली की मुलं पुस्तक उघडून बसतात. कला शाखेत घेता येणारा एक विषय आहे तर्कशास्त्र. दोन विधानं मांडायची आणि त्यांतून तिसरं खरोखरच निघतं का, ते तपासायचं. हा विषय ग्रीकांचा, धार्मिक माणसाला त्याचं काय, असं काहींना वाटतं. त्यांनी इमाम गझाली यांचं आयुष्य जरूर पाहावं.

अबू हामिद मुहंमद गझाली १०५८ साली खुरासानातल्या तूस गावी जन्मले. आज तो भाग इराणच्या ईशान्येला येतो. वडील लोकर कातून पोट भरायचे. मुलं लहान असतानाच ते वारले. जाण्याआधी थोडीशी पुंजी आणि दोन मुलं त्यांनी एका सूफी मित्राच्या हाती सोपवली. पुंजी संपली तेव्हा त्या मित्राने मुलांना मदरशात घातलं, कारण तिथे शिक्षणासोबत जेवणही मिळायचं.

पुढे गझाली शिकायला जुर्जानला गेले. परतीच्या वाटेवर दरोडेखोरांनी काफिला लुटला, असं सांगतात. गझालींनी टोळीच्या म्होरक्याकडे एवढीच विनवणी केली, की माझ्या टिपणांची थैली तेवढी परत दे, माझं सारं शिक्षण त्यात आहे. म्होरक्या हसला. जे चोराला नेता येतं ते शिक्षण कसलं, असं त्याने विचारलं आणि थैली परत दिली. गझालींना ते लागलं. पुढची तीन वर्षं त्यांनी ती टिपणं पाठ करण्यात घालवली.

मग ते निशापूरला इमाम जुवैनी यांच्याकडे शिकले. १०९१ मध्ये, वयाच्या तेहतीस-चौतिसाव्या वर्षी, ते बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक झाले. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. त्या काळी इब्न सीना आणि फाराबी यांच्या तत्त्वज्ञानाचा मोठा बोलबाला होता. गझालींना त्यातल्या काही गोष्टी पटत नव्हत्या, पण न वाचता टीका करणं त्यांना मान्य नव्हतं. एखाद्या विद्येतला दोष दाखवायचा, तर आधी त्या विद्येच्या जाणकाराइतकी ती यायला हवी, अशी त्यांची धारणा होती. शिकवून उरलेल्या वेळात, कोणी गुरू न करता, ते जवळपास दोन वर्षं हे ग्रंथ वाचत राहिले. नंतरचं वर्षभर त्यावर विचार केला.

मग त्यांनी आधी एक पुस्तक लिहिलं, ते फक्त तत्त्वज्ञांचं म्हणणं मांडणारं. ते इतकं नेमकं होतं, की पुढे युरोपात लॅटिन भाषांतर वाचणाऱ्यांनी गझालींनाच त्या तत्त्वज्ञांचा अनुयायी समजलं! त्यांचं खंडन करणारं पुस्तक नंतर आलं, १०९५ च्या सुमारास. त्यात त्यांनी वीस मुद्दे घेऊन एकेकाचा पुरावा तपासला. त्यातल्या तीन मतांवर त्यांनी कठोर धार्मिक ठपका ठेवला. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला आपल्या बाजूच्या लोकांनाही बजावलं, की ग्रहणाचं गणित धर्माच्या नावाने नाकारू नका. जे हिशेबाने सिद्ध होतं ते नाकारणारा धर्माचं भलं करत नाही, उलट त्यालाच कमकुवत करतो.

त्यांनी आधी स्वतःलाही तपासलं होतं. डोळ्यांना सावली स्थिर दिसते, पण तासाभराने पाहिलं तर ती सरकलेली असते. तारा नाण्याएवढा दिसतो, पण गणित सांगतं की तो पृथ्वीहून मोठा आहे. मग डोळ्यांवर विश्वास कसा ठेवायचा? आणि ज्या बुद्धीने डोळ्यांची चूक दाखवली, ती तरी चुकत नसेल कशावरून? या शंकेने ते दोनेक महिने हैराण होते. १०९५ मध्ये दुसरंच संकट आलं. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांना पोखरू लागला. वर्गात बसले की तोंडातून शब्द फुटेना, अन्न गिळवेना. शेवटी त्यांनी कुटुंबापुरतं ठेवून बाकीची दौलत वाटून टाकली आणि बगदाद सोडलं. दमिश्क, जेरुसलेम, मक्का, मदिना अशी वर्षं गेली. ११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवायला बसले. ११११ मध्ये तूसलाच त्यांचं निधन झालं.

बगदाद सोडलं, तरी त्यांनी तर्क सोडला नाही. एका छोट्या पुस्तकात त्यांनी तर्काच्या पाच रीती पाच तराजू म्हणून मांडल्या आणि त्या कुरआनातूनच दाखवल्या. हजरत इब्राहिम मावळता चंद्र पाहतात, तो प्रसंग घ्या. चंद्र मावळतो. ईश्वर मावळत नाही. म्हणून चंद्र ईश्वर नाही. बारावीच्या वहीतही विधानं अशीच एकाखाली एक मांडतात.

आणखी एक गोष्ट ते वारंवार समजावत. लोक आधी बोलणारा कोण ते पाहतात आणि मग बोलणं खरं की खोटं ठरवतात. हे उलटं आहे. सराफाला नजर असेल, तर खोटी नाणी पाडणाऱ्याच्या थैलीतूनही तो खरं नाणं निवडतो. तुंबडीच्या भांड्यात ठेवला म्हणून मध बिघडत नाही. किळस येते ती आपल्या मनाला.

साठ-सत्तर वर्षांनी स्पेनमध्ये इब्न रुश्द यांनी गझालींना उत्तर दिलं. तेही कसं? गझालींचा एकेक मुद्दा आधी मांडून, मग त्यावर आपलं म्हणणं. मतभेद टोकाचे होते, पण समोरच्याचं म्हणणं दोघांनीही मोडतोड करून सांगितलं नाही.

आपल्या गावांत मंदिर आणि मशीद एकाच बाजारपेठेत असतात. मोबाइलवर एखादी बातमी येते आणि पाठवणाऱ्याचं किंवा त्यातल्या माणसाचं आडनाव पाहून आपण ती खरी की खोटी ठरवून मोकळे होतो. पुढे पाठवायला क्षण पुरतो, आणि त्यातून तुटलेला शेजार जोडायला वर्षं जातात. रोजा जिभेचाही असतो, असं आपण मुलांना सांगतो. मग तो बोटांचाही असायला हवा. इफ्तारनंतर फोन हातात घेताना एवढंच विचारावं : यात सांगितलंय काय, पुरावा कोणता, आणि त्यातून हे खरंच निघतं का? घरात तर्कशास्त्राचं पुस्तक असेल, तर मुलांकडून ते अर्धा तास मागून घ्यायलाही हरकत नाही.