आडॉल्फ एरिक नूर्डेनशल्ड

आडॉल्फ एरिक नूर्डेनशल्ड (१८ नोव्हेंबर, १८३२ – १२ ऑगस्ट, १९०१) हे फिनलंडमध्ये जन्मलेले स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ, ध्रुवप्रदेशांचे संशोधक आणि जुन्या नकाशांचे संग्राहक होते. युरोप व आशियाच्या उत्तर किनाऱ्याने पॅसिफिक महासागरात नेणारा ईशान्य जलमार्ग त्यांनी सर्वप्रथम पार केला. त्यांची ख्याती या सफरीमुळे असली, तरी प्रबोधनकाळातील छापील नकाशांचा त्यांचा संग्रह हे तितकेच मोलाचे कार्य होय.

जीवन

नूर्डेनशल्ड यांचा जन्म हेलसिंकी येथे झाला. फिनलंड त्या काळी रशियन साम्राज्यात होता. वडील निल्स गुस्ताफ हे नामवंत खनिजशास्त्रज्ञ असल्याने या विषयाची गोडी त्यांना घरातच लागली. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना त्यांची उदारमतवादी मते अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर आली. १८५७ मध्ये पदवीदान सोहळ्याच्या प्रसंगी त्यांनी केलेल्या भाषणाने गव्हर्नर-जनरल बर्ग यांचा रोष ओढवला आणि त्यांना मायदेश सोडावा लागला. पुढे ते स्वीडनमध्येच स्थायिक झाले. स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयात खनिज विभागाचे काम पाहत असताना त्यांनी स्पिट्सबर्गन व ग्रीनलंड येथे अनेक मोहिमा केल्या.

जून १८७८ मध्ये 'वेगा' हे त्यांचे जहाज स्वीडनहून निघाले. बेरिंगची सामुद्रधुनी अगदी जवळ आली असता सप्टेंबरअखेरीस ते बर्फात अडकले. जुलै १८७९ मध्ये सुटका झाल्यावर ते जपानला पोहोचले, आणि एप्रिल १८८० मध्ये स्टॉकहोमला परतले. त्याच वर्षी नूर्डेनशल्ड यांना बॅरन हा किताब मिळाला.

नकाशासंग्रह

जो किनारा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला, तो पूर्वीच्या नकाशाकारांनी कसा कल्पिला होता, हे जाणण्याच्या ओढीने ते जुन्या नकाशांकडे वळले. टॉलेमीच्या 'जिऑग्राफिया'च्या छापील आवृत्त्या हा त्यांच्या संग्रहाचा गाभा होता. या ग्रंथाच्या उल्म (१४८२) आणि स्ट्रासबर्ग (१५१३) येथील आवृत्त्यांतील नकाशे लाकडी ठशांवरून छापलेले आहेत. अशा ठशात रेषा उठावदार ठेवून भोवतालचे लाकूड कोरून काढतात, आणि सर्व आकृती उलटी कोरावी लागते. हा ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रावर छापता येई. म्हणूनच सेबास्टियन म्यून्स्टर यांच्या 'कॉस्मोग्राफिया'सारख्या (१५४४) ग्रंथांतून नकाशे सामान्य वाचकांपर्यंत गेले. तेच ठसे वर्षानुवर्षे वापरले जात. त्यामुळे सुटा नकाशा हाती आल्यास तो कोणत्या आवृत्तीतील आहे, हे मागील बाजूचा मजकूर आणि ठशाला पडलेल्या भेगा यांवरून ठरवावे लागते. एकाच ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या जमवण्यामागचे मर्म यात आहे. हौस म्हणून त्याकडे पाहणे योग्य नाही.

मूळ नकाशे फार थोड्यांना पाहता येत. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फॅक्सिमिली अ‍ॅटलास' या ग्रंथात नूर्डेनशल्ड यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकांतील महत्त्वाच्या छापील नकाशांच्या हुबेहूब प्रती दिल्या. त्यात ५१ मोठी नकाशापत्रे आहेत. सागरी नकाशांवरील 'पेरिप्लस' हा ग्रंथ १८९७ मध्ये निघाला. दूरच्या अभ्यासकांना या दोन ग्रंथांमुळे मूळ साधने शेजारी शेजारी ठेवून ताडता आली.

त्यांचे सर्वच निष्कर्ष मात्र टिकले नाहीत. १५५८ मध्ये व्हेनिस येथे छापलेला झेनो बंधूंचा काष्ठमुद्रित नकाशा ते चौदाव्या शतकातील खऱ्या प्रवासावर आधारलेला मानत. फ्रेडरिक लुकास यांनी १८९८ मध्ये तो बनावट असल्याचे साधार मांडले, आणि आज बहुतेक अभ्यासकांचे मत तेच आहे. ध्रुवसमुद्राचा एवढा जाणकार उत्तर अटलांटिकमधील काल्पनिक बेटांच्या बाबतीत चकावा, हे नवलच. वाल्डझेम्यूलर यांचा 'अमेरिका' हे नाव वापरणारा १५०७ चा बारा पानी काष्ठमुद्रित नकाशा जर्मनीतील वोल्फेग येथे १९०१ मध्ये सापडला; नूर्डेनशल्ड त्याच वर्षी वारले.

त्यांचा संग्रह १९०२ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाने विकत घेतला. ज्या शहरातून त्यांना निघून जावे लागले होते, तेथेच सुमारे २४,००० नकाशे येऊन पोहोचले. १९९७ मध्ये युनेस्कोने या संग्रहाचा 'जागतिक स्मृती' नोंदवहीत समावेश केला. तो आता फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.